काही आजार वगैरे नाही ना?

डिसेंबर २०२२ मध्ये मी आमच्या शाखाधिकाऱ्यांना दीड पानी पत्र लिहिलं. शाखेतल्याच एका तरुण एजंटविरुद्ध होतं ते. तिचं नाव इथे लिहीत नाही, माझं पत्र मात्र मला लपवायचं नाही. त्यात मी म्हटलं होतं की, ही बाई सहा महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी मस्कतला राहायला गेली. तिथे बसून मोबाईलच्या अ‍ॅपवरून ती चिपळूण-खेडच्या लोकांची प्रपोजलं भरते. ज्या माणसाला तिने डोळ्यांनी पाहिलेलं नाही त्याच्या जोखमीची शिफारस करते. हे विमा व्यवसायाच्या मुळावर येणारं आहे. 'मुळावर येणारं' हे शब्द मला तेव्हा फार आवडले होते.

पत्र देण्याआधी मी ते बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "तिचा धंदा वाढलाय म्हणून लिहिताय का?" मी चिडलो. तिचं म्हणणं खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. पत्रातल्या शब्दा-शब्दावर माझा विश्वासही होता. आज तेच मला जास्त टोचतं.

मी १९९४ साली आयुर्विमा महामंडळाची एजन्सी घेतली. आमचे विकास अधिकारी स्कूटरवर मागे बसवून मला पेढे, कामथे, शिरगाव, पोफळी अशा गावांतून फिरवायचे. ते सांगायचे की पॉलिसीचा विषय तिसऱ्या भेटीत काढायचा, आधीच्या दोन भेटी नुसतं बसायचं. ते मी अक्षरशः पाळलं. लोकांच्या बारशांना गेलो, लग्नांत पंगती वाढल्या, बाराव्याला चटईवर बसलो. हप्ता चुकला तर पदरचा भरला आणि भाताच्या कापणीनंतर वसूल केला. एखाद्या घरात शिरलो की माजघरातून न विचारता चहा यायचा. मी ह्यालाच विमा समजत होतो. कागद म्हणजे नंतरची औपचारिकता.

मग टाळेबंदी आली. खासगी कंपन्यांची अ‍ॅपं आधीपासून होती, नोव्हेंबर २०२० मध्ये आमच्या महामंडळानेही 'आनंदा' हे अ‍ॅप आणलं. ग्राहकाची ओळख आधारवरून पटते, त्याच्या मोबाईलवर ओटीपी येतो, कागदाला हात न लावता प्रपोजल पुरं होतं. शाखेतली तरुण मुलं आनंदली. मला भीती वाटली. ती अगदीच निराधार नव्हती. विमा नियामक 'इर्डा'च्या नावाने फोन करून, अडकलेला बोनस मिळवून देतो असं सांगून म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात नवी पॉलिसी मारणाऱ्या टोळ्या मी ऐकून होतो. तोंड न दाखवता केलेला विमा म्हणजे हेच, अशी मी गाठ बांधली. मस्कतला बसलेली आमची सहकारी आणि त्या टोळ्या, दोघांना मी एकाच गाठीत बांधलं.

पत्रात मी अमेरिकेचाही दाखला दिला होता. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने मला एकदा सांगितलं होतं की तिकडे विमा एजंटचा परवाना राज्यागणिक असतो, एका राज्याच्या परवान्यावर दुसऱ्या राज्यातल्या माणसाला पॉलिसी विकता येत नाही. मी लिहिलं, 'अमेरिकेसारख्या प्रगत देशातही एजंटने कुठूनही धंदा करावा हे चालत नाही.' भावाने जे सांगितलं त्याचा अर्थ मी सोयीने फिरवला होता. तिथे प्रश्न ग्राहक कोणत्या राज्यात आहे हा असतो. तो नियम आमच्या सहकारिणीला लावला असता, तर तिचे ग्राहक होते चिपळुणात आणि परवाना होता इथलाच. हे मला पत्र लिहितानाही कळत होतं.

आता एका दुकानदाराबद्दल लिहायला हवं. बाजारपेठेत त्यांचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं. वय चव्वेचाळीस. मार्च २०२१ चा शेवटचा आठवडा होता आणि एजंटांच्या क्लबचं सदस्यत्व टिकवायला मला थोड्या केसेस कमी पडत होत्या. त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी दोन कप चहा आणला. एक माझ्यापुढे ठेवला, दुसरा त्यांच्यापुढे, आणि म्हणाल्या, "ह्यांचा बिनसाखरेचा." ते म्हणाले, "सवय लावून घेतलीय, भाऊ." मी म्हणालो, "बरं करता." देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर गोळ्यांची पाकिटं होती. माझे वडील तीच गोळी घ्यायचे. मला पाकिटाचा रंग ओळखू आला.

पाच लाखांची पॉलिसी. त्या वयाला आणि रकमेला ती नॉन-मेडिकलमध्ये बसत होती, म्हणजे डॉक्टरकडे न्यायची गरज नव्हती. मी फॉर्म पुढे ओढला आणि म्हणालो, "काही आजार वगैरे नाही ना?"

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "नाही, तसं काही नाही."

मी एकाखाली एक 'नाही' लिहीत गेलो. मग एजंटचा गोपनीय अहवाल भरला. प्रस्तावकाला किती वर्षं ओळखता? अकरा. त्याची प्रकृती कशी दिसते? उत्तम. खाली सही केली.

चार महिन्यांनी, २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. २००५ चा पूर आम्ही पाहिलेला होता, तरी असं पाणी पाहिलं नव्हतं. त्यांचं दुकान माळ्यापर्यंत बुडालं. साखर, मीठ, पीठ यांचा एकच लगदा झाला होता. सप्टेंबरात सहामाही हप्ता आला, तेव्हा दुकानात अजून चिखलाचा वास होता. मी म्हणालो, सवलतीचे दिवस आहेत, थांबा. त्यांनी मेव्हण्याकडून पैसे आणून हप्ता भरला. "आता एवढंच एक कोरडं राहिलंय, भाऊ," असं म्हणाले. हे वाक्य मी कित्येक दिवस माझ्या धंद्याची थोरवी म्हणून लोकांना सांगत होतो.

जानेवारी २०२३ मध्ये ते हृदयविकाराने गेले. पॉलिसीला दोन वर्षंही झाली नव्हती. विमा कायद्याचं कलम ४५ सांगतं की तीन वर्षं उलटली की पॉलिसीवर कोणत्याही कारणाने शंका घेता येत नाही. त्याआधी मृत्यू झाला तर चौकशी होते, इथेही झाली. २०१९ चे केसपेपर निघाले, मधुमेह, उपचार सुरू. जुलैमध्ये दावा नाकारल्याचं पत्र आलं. भरलेले हप्ते तेवढे परत मिळाले.

वहिनी पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. मोठा मुलगा बारावीत होता, तो दारातच उभा राहिला. मी पत्र वाचलं आणि म्हणालो, "त्यांनी मला हे सांगितलं नव्हतं हो."

एवढं नीच वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात दुसरं निघालेलं नाही. मेलेल्या माणसावर ढकललं मी. वहिनींना बिनसाखरेचा चहा आठवत असेलच, त्यांनीच आणला होता. त्या काही बोलल्या नाहीत. पत्राची घडी घातली आणि गेल्या.

वाचणाऱ्याला वाटेल की माझं मन इथेच पालटलं असेल. तसं झालं नाही. मी स्वतःला सांगितलं की चौकशी अधिकारी कडक होता, माणसं खरं सांगत नाहीत, एजंट काय करणार. मस्कतच्या बाईविरुद्धचं पत्रही मला तेवढंच योग्य वाटत राहिलं. उलट शाखेत मी म्हणालो, "समोर बसून भरलेल्या केसमध्ये असं होतं, तर फोनवरच्या केसेसचं काय होईल?"

त्याच वर्षी गणपतीत सावर्ड्याला ताईकडे गेलो होतो. रात्रीची आरती झाली, जेवणं झाली. भाचा जरा अवघडून जवळ आला. म्हणाला, "मामा, रागावू नका. आम्ही दोघं पॉलिसी घेतोय. तिच्याकडून. आत्ता तिचा व्हिडिओ कॉल येणार आहे." मी तोंडाने "घ्या की" म्हणालो. पोटात मात्र कालवलं. सख्खा मामा एजंट असताना मस्कतहून पॉलिसी. ओटीवर खुर्चीत बसलो. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. फोन स्पीकरवर होता. ऐकायचं नाही असं ठरवलं नव्हतं, उलट तिची चूक पकडायला कान लावूनच बसलो होतो.

तिने आधी इकडचं-तिकडचं काही विचारलं नाही. ती म्हणाली, "दादा, घरात गोळ्यांचा डबा असेल ना, तो घेऊन या." भाच्याने डबा आणला असावा. "आता कॅमेऱ्यासमोर ठेवा. आईंच्या कोणत्या, तुमच्या कोणत्या, वहिनींच्या कोणत्या, वेगवेगळ्या करा." मग एकेका पाकिटावरचं नाव ती वाचत गेली. "ही कधीपासून? कोणी लिहून दिली? रोज घेता की त्रास झाला की घेता? शेवटचं रक्त कधी तपासलं, कशासाठी? दवाखान्यात रात्रीचं राहायला लागलं होतं का कधी? वडील गेले तेव्हा त्यांचं वय काय होतं?" भाचा मध्येच म्हणाला, "एवढं सगळं लागतं?" ती म्हणाली, "मला तुम्ही दिसत नाही ना नीट. म्हणून विचारावं लागतं."

मी खुर्चीत जरा सावरून बसलो.

भाच्याला दमा आहे. मी त्याला तो पाळण्यात होता तेव्हापासून ओळखतो. लहानपणी पावसाळ्यात तो धापा टाकायचा हे मला माहीत होतं. अजूनही तो फवारा वापरतो हे मला त्या रात्री, अर्ध्या उघड्या दारातून, मस्कतहून आलेल्या प्रश्नामुळे कळलं.

मग ती म्हणाली, "दादा, आता फोन वहिनींकडे द्या आणि तुम्ही बाहेर बसा. दार लावून घ्या." भाचा ओटीवर येऊन माझ्या शेजारी बसला. दार लावलं तरी आमच्या जुन्या घरांची दारं ती, आवाज येतोच. तिचा प्रश्न मला ऐकू आला नाही. एवढंच ऐकू आलं, "घाई नाही, वहिनी. मी आहे."

आणि मग कोणीच बोललं नाही.

शेजारच्या वाडीत भजन चाललं होतं. भाचा आपल्या हाताची नखं बघत होता. खोलीतून काहीच आवाज येईना. मला वाटलं, फोन तुटला. पण फोन तुटला नव्हता. दोन देशांच्या मध्ये ती शांतता तशीच धरून ठेवलेली होती, आणि पलीकडची बाई ती मोडत नव्हती. तीस वर्षांच्या एजन्सीत मी हजारभर प्रपोजलं भरली असतील. प्रश्न विचारून झाल्यावर इतका वेळ मी एकदाही थांबलेलो नाही. थांबायची जागाच माझ्या प्रश्नात नव्हती. 'काही आजार वगैरे नाही ना?' यात उत्तर मीच घालून ठेवलेलं होतं. समोरच्याने फक्त मान हलवायची. 'हो, आहे' म्हणायचं तर त्याला आधी माझं म्हणणं खोडून काढावं लागणार, तेही घरी आलेल्या, चहा पीत असलेल्या माणसाचं, ज्याने त्याच्या मुलीच्या लग्नात पंगत वाढली आहे त्याचं. कोण खोडून काढेल?

दुकानदार क्षणभर माझ्याकडे बघत राहिले होते. तो क्षण मी अडीच वर्षांनी ओटीवर बसून नीट पाहिला. ते सांगणार होते. मी पेन टेकवून बसलो होतो.

आत भाचेसून हळू आवाजात बोलायला लागली. ते शब्द माझ्यासाठी नव्हते. मी उठलो आणि अंगणात पडवीच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा मस्कतची बाई सांगत होती, "ओटीपी मला सांगू नका. लिंक उघडा, मी लिहिलेली सगळी उत्तरं वाचा, चूक असेल तर बदलू. मग तुमच्या हाताने दाबा." मी काय करत होतो? अ‍ॅप वापरायला लागल्यापासून ग्राहकाचा फोन त्याच्या हातातून घ्यायचा, ओटीपी स्वतः बघायचा, स्वतः टाकायचा. समोर बसलेलो असल्यामुळे मला ते करता येत होतं.

पुढे ताईकडून कळलं की पॉलिसी माझ्याकडून घ्यायला भाचेसूनच तयार नव्हती. म्हणाली होती, "मामांसमोर कसं सांगणार?" दोघांचीही मेडिकल झाली, भाच्याला दम्यामुळे थोडा जादा हप्ता लागला. तिच्या केसेस मेडिकलला फार जातात हाही माझ्या पत्रातला एक मुद्दा होता. ती गोपनीय अहवालात 'प्रत्यक्ष भेट नाही, व्हिडिओवर ओळख पटवली' असं सरळ लिहायची. माझ्या अहवालात सगळे ग्राहक उत्तम प्रकृतीचे होते.

चतुर्दशीनंतर मी तिला फोन लावला. पत्राची गोष्ट तिला शाखेतून कळलेली होती, हे ती "बोला काका" म्हणाली त्यावरूनच समजलं. मी तयार केलेलं काही बोललो नाही. दुकानदाराचं सगळं सांगितलं. चहाचं, पाकिटाच्या रंगाचं, आणि वहिनींना जे म्हणालो तेही. बराच वेळ ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "काका, मला इथे एकच गोष्ट छळते. माझं कोणी गेलं तर मी त्यांच्या घरी जाऊन बसू शकणार नाही. तेव्हा तुम्ही जाल का?" मी हो म्हणालो. त्याप्रमाणे आजवर दोनदा गेलो आहे. जाऊन बसण्याचं मोल मला आजही तेवढंच वाटतं. ते मी फॉर्म भरताना वापरून घेत होतो, ही माझी चूक.

शाखाधिकाऱ्यांना दुसरं पत्र दिलं, पहिलं मागे घेत असल्याचं. ते म्हणाले, जुनं फाइल झालंय, आता कशाला. मी म्हणालो, हेही त्याच फाइलमध्ये लावा.

वहिनींकडे जायला मला आणखी तीन आठवडे लागले. दोनदा त्यांच्या आळीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलो. गेलो तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं की मला माहीत होतं. मी पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं. त्या तांदूळ निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ते त्या रात्री म्हणत होते, भाऊंना सांगायला हवं होतं का. मीच म्हटलं, भाऊंना दिसतंय की सगळं."

कलम ४५ मध्येच एक स्पष्टीकरण आहे. त्याचा आशय असा की विम्याचा प्रस्ताव मिळवणारा आणि ठरवणारा माणूस, करार होण्यापुरता कंपनीचाच प्रतिनिधी मानायचा. परीक्षेच्या अभ्यासात ते कधी वाचलं असेन तर लक्षात राहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं म्हणजे कंपनीच्या माणसाने पाहिलं होतं. वहिनींच्या मुलाला बरोबर घेऊन आधी कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज केला, मग पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात तक्रार. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. नकाराच्या पत्रापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, आम्ही मुदतीत होतो. सोबत माझं दोन पानी निवेदन जोडलं, खाली एजन्सी क्रमांकासह सही. एजन्सी जाईल असं शाखेतल्या दोघा-तिघांनी सांगितलं. गेली नाही, जाब मात्र द्यावा लागला. शेवटी तडजोडीत काही रक्कम मिळाली. ती पाच लाख नव्हती. मुलगा आता फार्मसीला आहे. मला रस्त्यात भेटला तर थांबतो, फार बोलत नाही.

त्यानंतर मी एक वही केली. ज्या पॉलिसींना तीन वर्षं व्हायची होती अशा माझ्या सगळ्या ग्राहकांची नावं तिच्यात लिहिली. एकेचाळीस निघाली. ठरवलं की प्रत्येकाला पुन्हा विचारायचं, आणि काही निघालं तर कंपनीला आपणहून कळवायचं. हे सोपं नव्हतं. कंपनी जादा हप्ता लावू शकते, पॉलिसी रद्दही करू शकते. एकाने मला दारातूनच परत पाठवलं. एकाची पॉलिसी रद्द झाली, तो माझ्याशी बोलत नाही आणि मी त्याला दोष देत नाही. नऊ जणांनी 'हो' सांगितलं. त्यातले सहा असे होते की मी त्यांच्या घरी दहा-दहा वर्षं चहा प्यायलो होतो.

समोर गेल्यावर माझी जीभ जुन्याच वळणावर जाते, हे पहिल्या चार-पाच घरांतच कळलं. 'नाही ना' आपोआप निघतं. म्हणून उरलेल्यांना मी फोन करायचं ठरवलं. मस्कतच्या बाईने मला तिची प्रश्नांची यादी पाठवली होती, ती समोर ठेवायचो.

यादीतलं शेवटचं नाव एका निवृत्त शिक्षकाचं होतं. माझ्यापेक्षा वयाने मोठे, मी त्यांना गुरुजी म्हणतो. रात्री नऊला फोन लावला. पूर, मुलं, पेन्शन, सगळं बोलून झालं. मग मी म्हणालो, "गुरुजी, सकाळी उठल्यावर कोणती गोळी घेता?"

पलीकडे ते बोलायचे थांबले. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, माझ्या घरातली की त्यांच्या, ते कळेना. पेन मी वहीपासून लांब ठेवलं होतं. मी थांबलो.